फिरतंय की थांबलंय

आमचा दादा थांबलेल्या वस्तूला घाबरायचा, असं कुणाला सांगितलं तर हसतील. उंचापुरा माणूस, पंजे फावड्याएवढे, कुत्रं अंगावर धावून आलं तर उलटा त्यालाच दटावणारा. पण एक काळ असा गेला की फिरणाऱ्या नाही, थांबलेल्या वस्तूला हात लावायला तो धजायचा नाही. हे त्याने आयुष्यभर घरात कुणाला कळू दिलं नाही. शेवटी दवाखान्यात पडल्या पडल्या तीन दुपारी बोलला, तेव्हा कुठे वहिनीलासुद्धा कळलं. आता दादा नाही. छातीत कळ आली आणि गेला, महिना झाला. म्हणून लिहून ठेवायचं.

दादा लेथवर काम करायचा. लेथ म्हणजे लोखंड, पितळ कातायचं मशीन. त्याला पुढे एक जडशीळ लोखंडी चाक असतं, त्याला चक म्हणतात. चकाला चार जबडे. जबड्यांत पितळेचा तुकडा घट्ट पकडायचा, चक गरगर फिरवायचं आणि पातं टेकवायचं, की सालं निघतात बटाट्यासारखी. माल झाला की बटण बंद करायचं, चक थांबेपर्यंत दम धरायचा आणि मग चावी लावून जबडे सोडायचे. सगळा खेळ त्या दम धरण्यात. चक बटण बंद केल्या केल्या थांबत नाही, दहा-बारा सेकंद आपल्याच गुर्मीत फिरत राहतं.

दादाच्या शेजारच्या लेथवर त्याचा दोस्त होता. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी आला की सुरू, ते संध्याकाळी हात धुवून जाईपर्यंत. बायकोशी झालेलं भांडण, शेजाऱ्याची बकरी, स्वतःचं पोट साफ झालं की नाही, सगळं त्या रांगेला माहीत. दादा त्याच्या उलट, दिवसाला दहा शब्द. पण वीस वर्षं दोघे एका डब्यात जेवले.

जुन्या कारखान्यात प्रत्येक लेथच्या डोक्यावर एक पिवळा बल्ब लोंबत असायचा. साधा, तारेचा, भर दुपारी पण चालू. ज्याच्या हाताखाली दादा शिकला त्या उस्तादाचा तसा हुकूमच होता. बल्ब गेला तर मशीन बंद, दुसरा बल्ब येईपर्यंत बिडी ओढत बसा. का, ते उस्तादाने सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. रेडिओ म्हणायचा, "म्हाताऱ्याला थंडी वाजते, दुसरं काय." उस्ताद मेला, मोठा मालक गेला, मुलगा मालक झाला. त्याने मागच्या बाजूला नवीन शेड बांधली आणि लेथ तिकडे हलवल्या, त्या बाजूला खिडकी एक नाही, पण वर नव्या पद्धतीचे पांढरे दिवे असे लावले की सुई पडली तर सापडावी. म्हणाला, "मिस्त्री, एवढ्या उजेडात हे पिवळे बल्ब कशाला? वीज खातात नुसते." दादाला पटलं. दादानेच स्टुलावर चढून ते बल्ब काढले, आपल्या हाताने, एकेक करून, आणि खोक्यात भरून ठेवले.

नव्या शेडमध्ये चौथा दिवस असेल. दुपारचं जेवण अजून व्हायचं होतं. बाजूला प्रेस मशीन धाड धाड चाललेलं, त्यामुळे स्वतःच्या लेथचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही अशी गत. दादाने एक पितळी कडी कातली, बटण बंद केलं, दम धरला. चक मंद झालं आणि थांबलं. चारही जबडे समोर स्वच्छ, उभे. दादाने चावी उचलली आणि हात पुढे नेला.

आणि बोटांना वारा लागला.

थांबलेल्या चकाचा वारा कसा लागेल? दादाचा हात वीतभर अंतरावर जागच्या जागी राहिला. तो बघतोय तर चक हळूच मागे फिरायला लागलं. उलटं. गोगलगायीसारखं. मग तिथेच चाराचे आठ जबडे झाले. आठ! तेही थांबलेले. मग सगळं गढूळ झालं आणि त्या गढुळातून खरं चक बाहेर आलं, सरळ फिरणारं, दोन फेरे मारून गप्प झालं. चार जबडे. जिथले तिथे.

दादाने चावी खाली ठेवली, संडासात गेला आणि कडी लावून उभा राहिला. मशीनचं भूत वगैरे त्याच्या मनात आलं नाही. त्याच्या मनात बाबा आले.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी म्हणायचे भिंत सरकली. मग म्हणायचे समोरचा माणूस चालता चालता मध्येच पुतळा होतो आणि एकदम जवळ येऊन उभा राहतो. आम्ही हसायचो. डॉक्टर म्हणाले मेंदूत गाठ आहे. आठ महिन्यांत बाबा आईलाच विचारायला लागले की बाई तुम्ही कोण. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा, बाबांचं सगळं अंथरुणातलं त्यानेच केलं, आईला हात लावू दिला नाही. आता दादा बेचाळीसचा झाला होता. बाबांना सुरू झालं तेव्हा ते चव्वेचाळीसचे.

तर त्याने ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की पहिली लेथ जाणार, मग वहिनीची झोप जाणार, मग पोरी तोंडाकडे बघत बसणार. घरी येऊन तो खाटेवर पडला आणि छताचा पंखा बघत बसला. घरात साधा बल्ब. पंखा फिरत होता तसाच दिसत होता, नुसता धुरळा, पाती मोजता येत नव्हती. त्याने पाच मिनिटं बघितलं, दहा मिनिटं बघितलं. ठीक. दुसऱ्या दिवशी कामावर गेला, बटण बंद केलं, की चक थांबलं आणि उलटं फिरलं. म्हणजे घरी शहाणा आणि कामावर वेडा. असा कुठला रोग असतो?

एकदा टीव्हीवर सिनेमा लागला होता, जुन्या काळातला, त्यात घोड्याची गाडी पळत होती. दादाने बघितलं तर गाडी पुढे जातेय आणि चाकं मागे फिरतायत. झालं, घरी पण आलं म्हणजे. त्याने जीव मुठीत धरून वहिनीला विचारलं, "जरा बघ गं, चाकं कुठल्या बाजूला फिरतायत?"

वहिनी भाजी निवडत होती. म्हणाली, "कुठली चाकं?"

"गाडीची."

"मी गाडीत बसलेल्या बाईकडे बघतेय. साडी बघा कशी आहे."

"साडी राहू दे. चाकं बघ."

वहिनीने बघितलं. खरंच बघितलं बिचारीने. म्हणाली, "पुढेच फिरतायत की. गाडी पुढे चाललीय तर चाकं मागे कशी फिरतील? काय हो तुम्ही पण!"

दादाने टीव्ही बंद केला. वहिनीला वाटलं डोळे दुखतायत. त्या रात्रीपासून त्याने टीव्हीसमोर बसणंच सोडलं, पोरींना वाटलं आपल्यावर रागावला. वहिनी खोटं बोलली नव्हती. डोक्याने आधीच ठरवलेलं असतं की चाकं पुढेच जाणार, मग डोळ्याने काही का दाखवेना. पण हे शहाणपण दादाला फार नंतर आलं. तेव्हा त्याला एवढंच कळलं की सगळ्या जगाला पुढे दिसतंय आणि एकट्या आपल्याला मागे.

मग तो थांबलेलं काही दिसलं की आधी खात्री करायला लागला. रस्त्यात उभ्या बसच्या पुढून जायचा नाही, मागून वळसा घालायचा. गिरणीचा पट्टा बंद असला तरी हात लांब. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय टेकवून बघायचा. आणि कामावर त्याने एक लाकडी दांडकं ठेवलं, फुटभर, झाडूच्या दांड्याचं कापलेलं. चक थांबलं असं दिसलं की आधी दांडकं टेकवायचं. दांडकं उडालं तर फिरतंय.

रेडिओने दुसऱ्याच दिवशी पकडलं. "काय मिस्त्री, चकाला गुदगुल्या करतोस काय?"

"असंच. सवय."

"वीस वर्षांत नव्हती ती सवय! बायकोने दिली का? माझी पण मला लांबूनच काठीने ढोसते, उठा म्हणून."

सगळी रांग हसली. दादा पण हसला. सांगायचं होतं तर तीच वेळ होती. रेडिओ दोन हात अंतरावर उभा, कान दादाकडे, आणि दादाच्या तोंडाशी आलेलं होतं की लेका, तुला पण कधी थांबल्यासारखं दिसतं का? पण रेडिओला सांगणं म्हणजे सगळ्या गावाला सांगणं. आणि समजा तो म्हणाला असता, छे बुवा, मला तर नाही दिसत, तर? दादाला तेच ऐकायची भीती होती. त्याने पितळ उचललं आणि कामाला लागला.

दिवस मोजत होता तो. अकराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास रेडिओ मध्येच बोलायचा थांबला. दादाने मान वळवली ती आवाजाने नाही, आवाज बंद झाला म्हणून. रेडिओ उजवा हात डाव्या हातात धरून उभा होता आणि हाताकडे बघतच नव्हता. चकाकडे बघत होता. "थांबलं होतं," तो म्हणाला. अगदी हळू. "थांबलं होतं रे. मी बघितलं ना. थांबलं होतं." मग तो खाली बसला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मालकाने सगळ्यांना उभं करून सांगितलं, "तोंड चालू ठेवून मशीन चालवलं की हेच होणार. फिरत्या चकात हात घालतो म्हणजे काय?" आणि सगळ्यांना ते खरं वाटलं, कारण रेडिओचं तोंड खरंच चालू असायचं. दवाखान्यात रेडिओच्या बायकोला पण लोकांनी तेच सांगितलं. तो पडल्या पडल्या म्हणत होता थांबलं होतं, थांबलं होतं, आणि लोक मान हलवत होते, जाऊ दे, गुंगी आहे.

दादाला मात्र माहीत होतं तो खरं बोलतोय. सगळ्या जगात एकट्या दादाला.

त्या संध्याकाळी दादा जेवला नाही. वहिनीला वाटलं दोस्ताचं दुःख. दुःख तर होतंच, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी वळवळत होतं. रेडिओला पण दिसत असेल तर आपल्याला गाठ नाही. रोग आपला नाही, त्या शेडचा आहे. असा विचार आला आणि त्याला पहिल्यांदा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. आणि त्याच्या पाठोपाठ, रेडिओला गुंगीच असेल तर? दोघांनाही सारखाच रोग झाला असेल तर? घाबरलेल्या माणसाचं डोकं एका जागी टिकत नाही.

सकाळी तो मालकाच्या खोलीत गेला. म्हणाला, "शेडमध्ये चला. एक दाखवायचंय."

"मिस्त्री, आज नको. इन्स्पेक्टर येणार आहे."

"मग आजच चला. दोन मिनिटं."

मालक आला. रांगेतले चार जण पण जमले, प्रेसवाली बाई पण येत होती, तिला दादा म्हणाला तू प्रेस चालूच ठेव, आवाज होऊ दे. त्याने लेथ सुरू केली, पूर्ण वेगात. मग म्हणाला, "आता मी बंद करतो. चक थांबलं की मला सांगा. मी तोंड फिरवून उभा राहतो."

"हा काय पोरखेळ?"

"सांगा तर खरं."

दादाने बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तो सांगत होता, की आयुष्यात एवढी भीती पुन्हा कधी वाटली नाही, डॉक्टरने छातीचं सांगितलं तेव्हा पण नाही. कारण सगळे जर म्हणाले फिरतंय, अजून फिरतंय, अजून फिरतंय, आणि मग शेवटी खरं थांबल्यावर म्हणाले थांबलं, तर बाबांचा रोग आपल्याला लागला हे चार माणसांच्या साक्षीने ठरलं. त्याने मनात आकडे मोजायला घेतले. एक. दोन. तीन. चार. भिंतीवर नव्या रंगाचा एक ओघळ होता, त्याच्याकडे बघत. पाच.

"थांबलं," मालक म्हणाला.

"हो, थांबलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"नक्की?"

"नक्की काय, समोर दिसतंय. चार जबडे आहेत. काय दाखवायचं होतं ते दाख..."

दादा वळला आणि त्याने दांडकं टेकवलं. टाड्! दांडकं हातातून उडालं, मालकाच्या कानाजवळून गेलं आणि पत्र्यावर आदळलं. मालक दोन पावलं मागे सरला, तोंड उघडंच. चक त्याच्यासमोर उभं होतं, थांबलेलं, आणि मग सगळ्यांच्या देखत हळूच उलटं फिरायला लागलं. प्रेसवाली बाई किंचाळली. कुणीतरी म्हणालं, "आठ झाले! आठ झाले!"

दादाने लेथचा कठडा धरला. डोकं शाबूत होतं. गाठ नाही, काही नाही, बेचाळीस वर्षांचा ठणठणीत माणूस. आणि त्याच क्षणी, त्याच श्वासात, त्याला कळलं की मग अकरा दिवस गप्प बसायला आपल्याजवळ काहीच कारण नव्हतं.

दुपारी वायरमन आला. म्हातारा होता, त्याने वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, "हे स्वस्तातले दिवे सारखे जळत नाहीत. एका सेकंदात शंभर वेळा विझतात आणि पेटतात. तुम्हाला कळत नाही, कारण डोकं मधला काळोख शिवून टाकतं. चक तेवढ्याच तालात आलं, की प्रत्येक वेळी दिवा पेटला की जबडे जागच्या जागी. डोकं म्हणतं, हललं नाही. जरा मागे पडलं की म्हणतं, उलटं चाललंय. डोक्याला फिरणं दिसतच नसतं हो, ते तुकडे जोडून अंदाज बांधतं. टीव्हीचं पण तसंच, नुसते उभे फोटो, हलवतो आपणच. तो तारेचा पिवळा बल्ब विझायच्या आत पुन्हा तापतो, काळोख होऊच देत नाही. तुमच्या इथे आधी होते ना बल्ब? काढले कुणी?"

दादा म्हणाला, "मी."

त्याच दिवशी बल्ब परत लागले. मालकाने इन्स्पेक्टरसमोर कबूल केलं की चूक रेडिओची नव्हती, तेवढा तो सरळ निघाला. पण दादाचं काम बाकी होतं. तो दवाखान्यात गेला. रेडिओ भिंतीला टेकून बसला होता, हाताचा पांढरा गठ्ठा उशीवर ठेवून. दादाने सगळं सांगितलं, दिवे, शंभर वेळा, आठ जबडे. रेडिओच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "मग मी खोटं बोलत नव्हतो."

"नव्हतास."

"तुला कसं सुचलं रे चक दाखवायचं?"

आता इथे खोटं बोलणं किती सोपं होतं. सुचलं असंच, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. दादाला घाम फुटला. म्हणाला, "मला पण दिसत होतं."

रेडिओ म्हणाला, "ते दांडकं."

"हो."

"किती दिवस?"

"अकरा."

दादा म्हणाला, "मला वाटलं बाबांसारखं झालं. म्हणून... शिवी तरी दे लेका."

रेडिओने शिवी दिली नाही. "जा आता," एवढं म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

तीन महिन्यांनी रेडिओ कामावर आला. त्याला माल तपासायला बसवलं होतं, दादापासून वीस पावलांवर. सगळ्यांशी बोलायचा, आधीपेक्षा कमी, पण बोलायचा. दादाशी नाही. डबा वेगळा. असं दीड वर्ष चाललं. वहिनी विचारायची, रेडिओ भाऊजी हल्ली येत नाहीत? दादा म्हणायचा, लांब बसतो तो आता.

एक दिवस दादा कडी कातत होता, तर रेडिओ येऊन शेजारी उभा राहिला. चक पूर्ण वेगात होतं. रेडिओ म्हणाला, "बंद कर."

दादाने बटण दाबलं.

"दांडकं खाली ठेव. आणि डोळे मीट. थांबलं की मी सांगतो. मी घाल म्हटलं की हात घाल."

दादाने त्याच्याकडे बघितलं. रेडिओच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हसू नाही, राग नाही. दादाने दांडकं ठेवलं आणि डोळे मिटले. प्रेस धाड धाड चाललेलं, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्याने आकडे मोजायला घेतले आणि दहाला सोडून दिले. रेडिओ बोलेना. ज्याचं तोंड वीस वर्षं बंद नव्हतं तो बोलेना. दादाला बाबा दिसले, वहिनी दिसली, पोरी दिसल्या. बंद पापण्यांच्या आत चक फिरतच होतं. हा बदला घेणार, दादाच्या मनात आलं, आणि घेतला तर घेऊ दे, असं पण आलं, पण पाय मागे पळायला बघत होते.

"घाल," रेडिओ म्हणाला.

दादाने हात घातला. सगळी पाच बोटं, उघडी.

लोखंड गार होतं. हलत नव्हतं. त्याने डोळे उघडले तेव्हा हात जबड्यावर होता, पाचही बोटं जागच्या जागी. रेडिओ घामाने भिजला होता, शर्ट पाठीला चिकटलेला.

"घातलास," रेडिओ म्हणाला. "खरंच घातलास, गाढवा."

"तू घाल म्हणालास ना."

"अरे, केव्हाचंच थांबलं होतं! मलाच तोंडातून शब्द फुटेना. मी दोन वेळा तपासलं, खाली वाकून तपासलं, तरी वाटतंय फिरत असेल, अजून फिरत असेल..." आणि मग तो सुरू झाला, आणि त्या दिवशी हात धुवून घरी जाईपर्यंत गप्प झाला नाही.